अकरा-अकरानंतर

८ फेब्रुवारी २०२४ ची संध्याकाळ, ढाक्यातलं कमलापूरचं स्टेडियम. एकोणीस वर्षांखालील मुलींच्या सॅफ फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना, भारत विरुद्ध बांगलादेश. आठव्या मिनिटाला सिबानी देवीनं गोल करून भारताला पुढे नेलं आणि ती आघाडी जवळजवळ शेवटपर्यंत टिकली. भरपाई वेळेत बांगलादेशच्या सागरिकानं बरोबरी साधली आणि सामना टायब्रेकरमध्ये गेला. पाच-पाच किक झाल्या, सगळे गोल. मग सहावी, सातवी, आठवी. शेवटी दोन्हीकडच्या गोलकीपर मुलीही चेंडू घेऊन पुढे आल्या आणि त्यांनीही गोल केले. बावीस मुलींनी बावीस किक मारल्या आणि एकीचीही चुकली नाही. अकरा-अकरा.

आता पुढे काय, याचं उत्तर फुटबॉलच्या नियमांत स्वच्छ लिहिलेलं आहे: पुन्हा पहिल्यापासून. सगळ्यांची एकेक किक झाली की दुसरी फेरी सुरू होते आणि सारख्याच किकांमध्ये एक संघ एका गोलनं पुढे जाईपर्यंत ती चालते. पण त्या संध्याकाळी सामना आयुक्तांनी पंचांना नाणेफेक करायला सांगितलं. नाणं उडालं, कौल भारताच्या बाजूनं पडला आणि आपल्या मुली नाचायला लागल्या. बांगलादेशच्या मुली मैदानातून हलेनात, प्रेक्षक खवळले. थोड्या वेळानं चूक लक्षात आली, नाणेफेकीचा निर्णय मागे घेतला गेला आणि किक पुढे सुरू करा असं सांगण्यात आलं. भारतीय संघ पुन्हा मैदानात उतरला नाही. शेवटी दोघांना संयुक्त विजेते जाहीर केलं.

ही बातमी मी शाळेतल्या मुलींना वाचून दाखवली तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग जिंकलं कोण?" या लेखाचं मूळ त्या प्रश्नात आहे.

मी ओझरची. अष्टविनायकातल्या विघ्नहराचं, कुकडीकाठचं ओझर. जुन्नर तालुक्यातल्याच एका शाळेत खेळ शिकवते. आमच्याकडे पोरं पाळण्यात असल्यापासून कबड्डी आणि कुस्ती बघतात. जत्रेत घाटावर बैलगाडा पळतो तेव्हा अख्खं गाव सेकंदाचा हिशेब करतं. फुटबॉल या भागात तसा पाहुणाच. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात होणार होता, नवी मुंबईतही सामने होते, म्हणून राज्य सरकारनं १५ सप्टेंबरला राज्यभरच्या शाळांत एकाच दिवशी फुटबॉल खेळवला. शाळाशाळांत चेंडू वाटले गेले. अनेक ठिकाणी ते चेंडू हवा जाऊन कपाटात पडले, काही ठिकाणी मात्र खेळ रुजला. आमच्याकडे मुलींनी तो धरून ठेवला. पावसाळ्यात तालुक्याच्या शालेय स्पर्धा होतात, तिथून जिल्हा, विभाग, राज्य. वरच्या पायरीवर गेलेल्या खेळाडूला दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. म्हणजे ऑगस्टच्या चिखलात बारा वर्षांच्या पोरीनं मारलेल्या एका किकवर बरंच काही अवलंबून असतं. आणि शालेय सामने वेळेत उरकायचे असल्यानं बरोबरी झाली की जादा वेळ सहसा नसतोच, थेट टायब्रेकर.

हा टायब्रेकर आला कुठून ते सांगायला हवं, कारण ढाक्याच्या त्या नाण्याचं नातं तिथेच आहे. १९७० पूर्वी बाद फेरीचा सामना बरोबरीत सुटला की सामना पुन्हा खेळवायचा, नाहीतर नाणं किंवा चिठ्ठी. १९६८ च्या युरोपीय स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघ यांच्यातला उपांत्य सामना नेपल्समध्ये गोलशून्य राहिला आणि इटली नाणेफेकीवर अंतिम फेरीत गेली. त्याच वर्षी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये इस्रायल चिठ्ठीवर बल्गेरियाकडून हरला. त्या चिठ्ठीचा सल इस्रायलच्या योसेफ दगान यांना इतका लागला की त्यांनी पेनल्टी किकांनी निकाल लावण्याचा प्रस्ताव पुढे आणला. जर्मनीत कार्ल वाल्ड हे पंचही त्याच खटपटीत होते. जून १९७० मध्ये तो नियम झाला. नाण्याला मैदानाबाहेर काढण्यासाठी आलेला हा नियम, आणि ५४ वर्षांनी ढाक्यात त्याच्याच मधोमध पुन्हा नाणं आलं.

संयुक्त विजेतेपद मात्र आपल्याला नवं नाही. १९६० च्या ड्युरँड चषकात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल दोघंही विजेते होते. १९७४ साली बँकॉकला आशियाई युवा स्पर्धेची अंतिम लढत भारत आणि इराण यांच्यात २-२ अशी सुटली आणि करंडक वाटून घेतला गेला. आपल्या फुटबॉलच्या इतिहासातलं ते मानाचं पान आहे. तिथे वाटणी ठरलेली होती, कुणाला फसवलं गेल्याची भावना नव्हती. ढाक्यात वाटणी झाली ती भांडण मिटवण्यासाठी. माझं मत विचाराल तर आपल्या संघानं परत मैदानात उतरायला हवं होतं. जिंकलो म्हणून नाचलेल्या, घाम सुकलेल्या मुलींना पुन्हा पेनल्टीच्या खुणेवर उभं करणं सोपं नाही, हे मला कळतं. तरीही बाराव्या किकला जी कुणी चुकली असती, तिला निदान हरलो कसं हे माहीत असतं. आज त्या बावीस जणींपैकी कुणालाच ते सांगता येत नाही.

कबड्डीतल्या माणसाला हे लगेच पटतं. बाद फेरीत कबड्डीचा सामना बरोबरीत सुटला की पाच-पाच चढाया होतात. कोण कोण चढाई करणार, कोणत्या क्रमानं, त्या खेळाडूंचे क्रमांक आधीच पंचांकडे द्यावे लागतात. तरीही बरोबरी राहिली तर सुवर्ण चढाई, आणि ती कुणाला हे नाणेफेकीवर. तिथे नाणं आहे, पण ते नियमात लिहिलेलं आहे आणि गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. फुटबॉलमध्ये उलट. किक कोण कोणत्या क्रमानं मारणार हे संघानं आपलं आपण ठरवायचं, पंचांना यादी द्यावी लागत नाही. चौथ्या किकला जाणाऱ्या मुलीचे पाय लटपटताना दिसले तर तिला थांबवून दुसरीला पाठवता येतं. कबड्डीवर वाढलेल्या पालकांना ही लबाडी वाटते. "नाव बदललं, नाव बदललं!" असा ओरडा मी बांधावरून ऐकलेला आहे. ती लबाडी नाही. नियम एवढंच बघतो की संघातल्या प्रत्येकीची एक किक झाल्याशिवाय कुणी दुसऱ्यांदा येऊ नये.

खरी पळवाट इथेच, या 'प्रत्येकी'मध्ये होती. समजा एका संघातली एक खेळाडू लाल कार्ड घेऊन बाहेर गेली. त्यांच्या दहा, समोरच्यांच्या अकरा. दहा-दहा किक झाल्या, बरोबरी कायम. अकराव्या किकला दहाजणींच्या संघाची फेरी संपलेली असते, म्हणून त्यांची सगळ्यात तयार मुलगी दुसऱ्यांदा येते. समोर अकराजणींच्या संघातली जी सगळ्यात कच्ची, शेवटी ठेवलेली, ती पहिल्यांदा येते. म्हणजे दांडगाई करून खेळाडू गमावलेल्या संघालाच फायदा. २००० साली नियम बदलला आणि जास्त खेळाडू असलेल्या संघाला आपले खेळाडू कमी करून बरोबरी साधता येऊ लागली. पुढे ही सोय किक चालू असतानाही लागू झाली, म्हणजे मध्येच कुणाला दुखापत झाली तरी. कुणाला वगळलं हे पंचांना सांगावं लागतं आणि वगळलेल्या मुलीला मग किक मारता येत नाही. अपवाद एकच, गोलकीपर जायबंदी झाली तर तिच्या जागी ती येऊ शकते.

कागदावर हे दोन ओळीत संपतं. मैदानावर काय होतं ते बघा.

तालुक्याची स्पर्धा, चौदा वर्षांखालील मुली. सकाळपासून भुरभुर पाऊस. फक्की मारलेल्या रेषा दुपारपर्यंत धुऊन गेल्या होत्या आणि पेनल्टीची खूण पंचांनी पावलं मोजून पुन्हा काढली होती. एक-एक बरोबरी. शेवटच्या मिनिटाला समोरच्या संघातल्या एका मुलीचा पाय मुरगळला, दोघींनी खांद्याला धरून तिला बाहेर नेलं. त्यांचे बदली खेळाडू संपले होते. त्या दहा, आम्ही अकरा. पंच तरुण मुलगा, धावपळ करून घामाघूम झालेला. त्यानं सरळ पाच-पाच किक सुरू करायची तयारी केली. तेवढ्यात समोरच्या शाळेचे सर, केस पिकलेले, छत्री बंद करत मध्यावर आले आणि मला म्हणाले, "बाई, आमची एक कमी आहे. तुमची एक वगळायची असेल तर आत्ताच पंचांना सांगून ठेवा. मागनं कटकट नको." पंचानं माझ्याकडे पाहिलं. हा नियम त्यानं वाचला होता, पण कधी वापरलेला नव्हता. सरांनी तो सांगितला नसता तर चाललं असतं. फायदा आमचा होता, त्यांचा नव्हे.

मग मला एक नाव द्यायचं होतं. मी सहावीतल्या मुलीचं नाव दिलं. संघातली सगळ्यात लहान. बचावात चिवट, पण किकेत जोर नाही. ती रांगेतून बाहेर आली, माझ्याशेजारी उभी राहिली आणि बराच वेळ बुटाचा चिखल गवताला पुसत राहिली. "बाई, मला मारायची होती," एवढंच म्हणाली. सामना सातव्या किकला संपला, आम्ही हरलो. अकराव्या किकेची पाळीच आली नाही. म्हणजे न्यायासाठी केलेला नियम त्या दिवशी कुणाच्याच उपयोगी पडला नाही, फक्त एका मुलीला सगळ्यांदेखत कळलं की आपण अकरावी आहोत. नियम बरोबर आहे असं मी आजही म्हणते. पण मोठ्यांच्या खेळात वगळणं हा हिशेब असतो. सहावीतल्या पोरीला तो शिक्का वाटतो. म्हणून आता हंगाम सुरू होतानाच मी मुलींना हा नियम फळ्यावर आकृती काढून समजावते आणि वगळायची वेळ आली तर कोण बसणार हे त्यांचं त्यांनाच आधी ठरवू देते. बहुतेक वेळा एखादी मोठी मुलगीच हात वर करते.

पळवाट काढणं म्हणजे नियम मोडणं नव्हे, हे पालकांना पटवायला मी एक जुना सामना सांगते. १९९४ च्या जानेवारीत कॅरिबियन चषकाच्या पात्रता फेरीत बार्बाडोस विरुद्ध ग्रेनाडा. आयोजकांनी नियम केला होता की जादा वेळेतला निर्णायक गोल दोन गोलांइतका धरायचा. बार्बाडोसला पुढच्या फेरीसाठी दोन गोलांच्या फरकानं जिंकणं भाग होतं. २-० अशी आघाडी असताना ग्रेनाडानं शेवटी शेवटी एक गोल केला. वेळ संपत आली, तेव्हा बार्बाडोसनं जाणूनबुजून स्वतःच्याच गोलमध्ये चेंडू मारून २-२ केलं, म्हणजे जादा वेळ मिळेल आणि तिथला एक गोल दोन धरला जाईल. ग्रेनाडाच्या हे ध्यानात आलं आणि त्यांनी दोन्हीपैकी कुठल्याही गोलमध्ये चेंडू मारायचा प्रयत्न सुरू केला, कारण एका गोलनं हरले असते तरी तेच पुढे जाणार होते. शेवटची काही मिनिटं बार्बाडोसचे खेळाडू दोन्ही गोल राखत होते. जादा वेळेत बार्बाडोस ४-२ असा जिंकला. कुणाही खेळाडूनं नियम मोडला नव्हता. दोष ज्यांनी तो नियम लिहिला त्यांचा. मुलांच्या स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येकानं हा सामना ध्यानात ठेवावा, कारण स्थानिक स्पर्धांत आपण आपल्या सोयीनं नियम जोडतो. तीन-तीनच किक, फक्त कप्तानच मारणार, पाऊस आला की नाणं. असा प्रत्येक जोडनियम कुणाला तरी दार उघडून देतो.

आता गोलकीपरकडे वळू. मुलांच्या टायब्रेकरमध्ये सगळ्यात जास्त अन्याय तिच्यावर होतो. फुटबॉलचा पूर्ण गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. साडेचार फुटांच्या मुलीला आडव्या दांडीखाली उभं केलं की तिनं उडी मारली तरी वर बरीच जागा मोकळी राहते. प्रशिक्षक किक मारणारीला सांगतात, "उंच मार, तिचा हात पोचत नाही." यात नियमबाह्य काही नाही. पण लहान वयोगटासाठी मैदान, चेंडू आणि गोलचं माप लहान ठेवायला फुटबॉलचे नियम स्वतःच परवानगी देतात, आणि आपल्याकडे ती वापरली जात नाही कारण मैदानात पूर्वीचे मोठेच खांब रोवलेले असतात. आत एक जादा आडवा बांबू बांधला तरी काम होतं.

किक मारली जाईपर्यंत कीपरच्या एका पायाचा थोडा तरी भाग गोलरेषेवर, रेषेच्या वर हवेत किंवा रेषेमागे असायला हवा. २०१९ पूर्वी दोन्ही पाय रेषेवर लागायचे. अनेक क्रीडाशिक्षक अजून तेच शिकवतात आणि मग उगाच वाद घालतात. कीपर आधीच पुढे आली आणि तिनं गोल अडवला तर किक पुन्हा मारायची. पहिल्या वेळी कीपरला ताकीद, पुन्हा तेच केलं तर पिवळं कार्ड. तिनं आगळीक केली पण चेंडू आपसूकच बाहेर गेला आणि किक मारणारीवर काही परिणाम झाला नसेल, तर किक वाया. उलट किक मारणारी धावत येऊन चेंडूपाशी पोचल्यावर मारल्याचं नुसतं नाटक करून मग किक मारते तेव्हा तिला पिवळं कार्ड मिळतं आणि किक चुकली म्हणून नोंदली जाते. तिला दुसरी संधी नाही. धावता धावता थबकणं, वेग कमीजास्त करणं चालतं. ही सीमारेषा २०१० पासून आहे. मोबाईलवर ब्राझीलच्या खेळाडूंच्या किक बघून मुली हेच करायला जातात आणि कार्ड मिळालं की भांबावून बघत राहतात.

मोबाईलचा दुसरा गुरू म्हणजे अर्जेंटिनाचा गोलकीपर एमिलियानो मार्टिनेझ. १८ डिसेंबर २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या त्शुआमेनीची किक असताना त्यानं चेंडू लांब फेकून दिला आणि त्याला तो आणायला लावला. किक बाहेर गेली. पुढच्याच वर्षी नियमात भर पडली की कीपरनं किक मारणाऱ्याचं लक्ष विचलित होईल असं वागायचं नाही. मुद्दाम उशीर लावायचा नाही, खांब, दांडी किंवा जाळीला हात लावायचा नाही. आमच्याकडे ही भर आणखी एका कारणानं जिवाची आहे. गावच्या मैदानात लोखंडी खांब नीट गाडलेले नसतात. दांडीला लोंबकळणाऱ्या पोरावर तो सांगाडा आला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

चिखलाबद्दलही एक नवी गोष्ट सांगण्यासारखी आहे. १२ मार्च २०२५ ला चॅम्पियन्स लीगमध्ये रेआल माद्रिदविरुद्ध ॲटलेटिको माद्रिदचा हुलियान अल्वारेझ किक मारताना घसरला आणि चेंडू त्याच्याच दुसऱ्या पायाला लागून गोलमध्ये गेला. दोनदा स्पर्श झाला म्हणून गोल रद्द झाला आणि ॲटलेटिको हरला. काही महिन्यांतच नियम करणाऱ्या मंडळानं खुलासा केला की असा दुहेरी स्पर्श नकळत झाला असेल आणि गोल झाला असेल तर किक पुन्हा मारायची. आमच्या ऑगस्टमधल्या मैदानांवर आठ-दहा किकांत पेनल्टीच्या खुणेचा खड्डा होतो, पोरी घसरतातच. त्यांच्यासाठी या खुलाशाइतकी कामाची गोष्ट दुसरी नाही, आणि किती पंचांपर्यंत तो पोचला आहे याची मला काळजी आहे.

पंचांची चूक झालीच तर ती दुरुस्त करता येते का? येते, आणि त्याचा सगळ्यात चांगला दाखला मुलींच्याच फुटबॉलमधला आहे. एप्रिल २०१५, एकोणीस वर्षांखालील मुलींच्या युरोपीय पात्रता फेरीचा सामना, नॉर्वे विरुद्ध इंग्लंड. नॉर्वे २-१ पुढे, भरपाई वेळेत इंग्लंडला पेनल्टी. लिआ विल्यमसननं गोल केला, पण तिची एक सहकारी आधीच पेनल्टी क्षेत्रात घुसली होती. नियमाप्रमाणे पेनल्टी पुन्हा मारायला हवी होती. पंचांनी नॉर्वेला फ्री किक दिली. युरोपीय संघटनेनं तक्रार मान्य केली आणि पाच दिवसांनी दोन्ही संघांना पुन्हा मैदानात बोलावलं, उरलेल्या अठरा सेकंदांसाठी. विल्यमसननं पुन्हा किक मारली आणि पुन्हा गोल केला. अठरा सेकंदांसाठी दोन संघ उभे करणं खर्चाचं, विचित्र वाटेल. पण तिथे 'मग जिंकलं कोण' हा प्रश्न कुणाला पडला नाही.

टायब्रेकर कसा चालवावा हे बघायला आपल्याला दूर जायलाच नको होतं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, गोवा आणि नवी मुंबईत झाला. या वयोगटात जादा वेळ नसतो, बरोबरी झाली की थेट किक. नायजेरियाच्या मुली दहा दिवसांत तीन टायब्रेकर खेळल्या, तिन्ही आपल्याच अंगणात. २१ तारखेला नवी मुंबईत अमेरिकेविरुद्ध १-१ नंतर ४-३ नं जिंकल्या. २६ ला गोव्यात फातोर्ड्याला कोलंबियाविरुद्ध गोलशून्य बरोबरीनंतर ६-५ नं हरल्या. ३० ला पुन्हा नवी मुंबईत, तिसऱ्या क्रमांकासाठी जर्मनीविरुद्ध ३-३ नंतर ३-२ नं जिंकल्या. एकदा हरल्यावर चारच दिवसांनी त्याच वयाच्या मुली परत त्याच खुणेवर उभ्या राहिल्या, आणि तिन्ही वेळा निकाल चेंडूनं लागला.

कुणी आधी किक मारायची हे मात्र नाणंच ठरवतं, आणि त्यातही पाणी मुरतं. आधी मारणाऱ्या संघाला सुमारे ६० टक्के वेळा विजय मिळतो असं एका गाजलेल्या अभ्यासात आढळलं होतं. जास्त सामने घेतलेल्या नंतरच्या अभ्यासात तो आकडा ५३ वर आला. फरक कमी करायला २०१७ साली टेनिसच्या टायब्रेकसारखा क्रम आजमावला गेला: पहिला संघ एक, दुसरा दोन, मग पहिला दोन. तो प्रयोगसुद्धा आधी सतरा वर्षांखालील मुलींच्या युरोपीय स्पर्धेत, जर्मनी-नॉर्वे सामन्यात झाला. लोकांना तो उमजेना, म्हणून २०१८ च्या अखेरीस सोडून दिला. मला त्याचं दुःख नाही. पोरींना मान खाली घालून रांगेत उभं असताना आपली पाळी कधी येणार हे मोजत बसावं लागू नये.

सगळ्यात अवघड पळवाट अजून सांगायची आहे, कारण ती शंभर टक्के नियमात बसते. टायब्रेकरमध्ये शेवटच्या शिट्टीला जे मैदानात असतील त्यांनाच किक मारता येते. मोठ्यांच्या खेळात प्रशिक्षक याचा वापर करतात. २०१४ च्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या लुई व्हान गालनं जादा वेळ संपता संपता गोलकीपर बदलून टिम क्रुलला आणलं, आणि त्यानं कोस्टा रिकाच्या दोन किक अडवल्या. २०२१ मध्ये युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या साउथगेटनं रॅशफोर्ड आणि सँचोला अगदी शेवटी आत पाठवलं. दोघंही चुकले, शेवटची किक १९ वर्षांच्या साकाकडे आली, तीही अडवली गेली. त्या तिघांना नंतर वर्णद्वेषी शिवीगाळ सोसावी लागली. मुलांच्या स्पर्धांत तर बाहेर गेलेल्या खेळाडूला परत आत आणायची मुभा ठेवता येते. ती अशासाठी की सगळ्यांना खेळायला मिळावं. पण तिचाच आधार घेऊन शेवटच्या मिनिटाला, पूर्ण सामना पळालेल्या तीन-चार पोरींना बाहेर काढून जोरदार किकवाल्या आत घालता येतात. असं करणारे शिक्षक वाईट नसतात. त्यांच्यावर शाळेचा, पालकांचा, निकालाचा दबाव असतो. तरी मला हे मान्य नाही. मुभा खेळवण्यासाठी दिली आहे, तिचा उपयोग एखादीला शेवटच्या क्षणी बाजूला करण्यासाठी करू नये, आणि ते कुणाच्या मनावर न सोडता स्पर्धेच्या नियमात लिहावं: शेवटच्या पाच मिनिटांत दुखापतीशिवाय बदल नाही.

यंदा तालुक्याच्या स्पर्धेआधी शाळांच्या क्रीडाशिक्षकांची बैठक होईल तेव्हा मी चार गोष्टी मांडणार आहे. टायब्रेकरचा नियम मराठीत, मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक संघाला द्यावा आणि पहिल्या सामन्याआधी मुलींसमोर वाचावा. शेवटच्या पाच मिनिटांच्या बदलांचं वर सांगितलंच. चौदा वर्षांखालच्यांसाठी गोलची उंची कमी करावी. आणि अंधार पडला किंवा पाऊस वाढला आणि किक अर्ध्यावर थांबल्या, तर त्या दुसऱ्या दिवशी त्याच आकड्यापासून, त्याच मुलींना घेऊन पुढे सुरू कराव्यात, मग सकाळी सातला मैदानात यावं लागलं तरी चालेल. आमच्या मुलींना मी हे विचारलं आहे. त्या यायला तयार आहेत.